डेथ कॅप: खरी खूण मातीत

प्रश्न: ओकच्या झाडाखाली हिरवट अळिंब्या उगवल्या आहेत. एक देठाशी कापून आणली. ही जीवघेणी विषारी डेथ कॅप असेल का?

उत्तर: कापलीत तिथेच घोटाळा झाला. डेथ कॅप (अमानिटा फॅलॉइडिस) कोवळेपणी पांढऱ्या आवरणात अंड्यासारखी गुंडाळलेली असते. ती वाढली की आवरण फाटते आणि त्याचा खालचा भाग देठाच्या फुगीर बुडाभोवती सैल पिशवीसारखा उरतो. ही पिशवी बहुधा मातीत किंवा पाचोळ्यात दडलेली असते. त्यामुळे अळिंबी उपटूही नका. चार बोटे लांबून खुरपे खोल घाला, ढेकळासकट उचला आणि माती हलक्या हाताने झाडा. नुसत्या हाताळण्याने विषबाधा होत नाही. नंतर हात धुवा म्हणजे झाले.

टोपी साधारण ५ ते १५ सेंमी रुंद, मध्यावर गडद, आणि तिच्या कातडीतच मध्याकडून कडेकडे गेलेल्या बारीक रेषा असतात. जणू कोणी ओला ब्रश ओढला आहे. टोपीखालचे कल्ले, म्हणजे पातळ पडद्यांसारख्या पात्या, पांढरे, देठाला न चिकटलेले. देठावर झालरीसारखे वलय. रंगावर मात्र भिस्त ठेवू नका: पावसाने तो फिका पडतो, आणि पांढरीशुभ्र डेथ कॅपही असते. वलयदेखील कधीकधी गळून गेलेले असते.

‘अंडे’ सापडले तर उभे चिरा. आत टोपी, कल्ले आणि देठ यांची आकृती दिसली तर तो पफबॉल (चेंडूसारखी गोल अळिंबी) नव्हे. कोवळा पफबॉल आतून एकसारखा पांढरा असतो.

प्रश्न: ओळख पटवण्यासाठी बीजाणूंचा (कल्ल्यांतून गळणाऱ्या बारीक भुकटीचा) ठसा घ्यायला टोपी रात्रभर कागदावर ठेवली, पण काहीच उमटले नाही.

उत्तर: कागद पांढरा होता का? मग ठसा असूनही दिसला नसेल, कारण डेथ कॅपचे बीजाणू पांढरे असतात. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद घ्या, टोपी कल्ले खाली करून दोन्हींवर येईल अशी ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. ४ ते १२ तास पुरतात. टोपी सुकलेली असेल किंवा कल्ल्यांवरचा पडदा अजून फाटला नसेल, तर बीजाणू पडत नाहीत. भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या अळिंबीलाही बुडाशी पिशवी असते, म्हणून गल्लत होते. पण तिला वलय नसते आणि तिचा ठसा गुलाबीसर येतो. उलट, ठसा पांढरा आला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तसा तो अनेक निरुपद्रवी जातींचाही येतो.

प्रश्न: दरवर्षी उपटून टाकतो, तरी त्याच झाडाखाली पुन्हा येतात.

उत्तर: येणारच. तुम्ही उपटता ते फळ. बुरशीचे जाळे झाडाच्या कोवळ्या मुळांना वेढून जमिनीत असते. ते झाडाला पाणी आणि खनिजे पुरवते आणि बदल्यात साखर घेते. ही जात मूळची युरोपातली. ओक, बीच, चेस्टनट यांच्याशी तिचे जमते. ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेत ती आणलेल्या रोपांच्या मुळांबरोबर गेली, आणि कॅलिफोर्नियात तर तिथल्या स्थानिक ओकशीही तिने संधान बांधले. मुले किंवा कुत्री तिथे फिरत असतील तर वर आलेल्या अळिंब्या काढत राहा; बीमोड मात्र होणार नाही.

प्रश्न: गोगलगायींनी कुरतडलेली अळिंबी बिनविषारी समजावी का? शिजवली तर विष जाते ना?

उत्तर: दोन्हीचे उत्तर नाही. गोगलगायी ती मजेत खातात. तिच्यातली अमाटॉक्सिन ही विषे शिजवून, वाळवून किंवा गोठवूनही नष्ट होत नाहीत. जुलाब-उलट्या साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. कोणी खाल्लीच, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा. उरलेली अळिंबी बुडासकट कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये ती कुजून ओळखू येईनाशी होते.