तांब्याचा लोटा ऑनलाइन विकायचाय?

तांबट आळीतून माल उचलतोयस, झकास. पण आधी जीएसटीचं बघ. 1 ऑक्टोबर 2023पासून जीएसटी नोंदणीच्या मर्यादेतल्या उलाढालीच्या छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय राज्यातल्या राज्यात मार्केटप्लेसवर (अ‍ॅमेझॉन, मीशोसारख्या ऑनलाइन बाजारात) माल विकता येतो. फक्त जीएसटी पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यायचा. मार्केटप्लेसवरून महाराष्ट्राबाहेर पाठवायचं तर नोंदणी लागतेच.

मार्केटप्लेसची 'शून्य कमिशन' जाहिरात वाचून हुरळू नकोस, पैसा परत आलेल्या मालात जातो. माझे पहिले बारा लोटे पोचे पडून परत आले. बबल रॅपचा एकच वेढा दिला होता, कंजूषपणा दुसरं काय! आता हातोडीच्या ठोक्यांचा अगदी जवळून फोटो टाकतो आणि 'हाताने घडवलेला, गुळगुळीत नाही' हे पहिल्याच ओळीत लिहितो. तक्रारी बऱ्याच घटल्या.

दहा मिनिटांत डिलिव्हरीच्या नादी लागू नकोस, तो खेळ दूध-ब्रेडवाल्यांचा. ओएनडीसीवर (सरकारच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ऑनलाइन विक्रीचं खुलं जाळं) मात्र दुकान आत्ताच लावून ठेव, ऑर्डरी तुरळक आल्या तरी.