‘माझ्यामुळंच तो पिसं उपटायलाय का?’

घरातला आफ्रिकन ग्रे पोपट छातीची पिसं उपटू लागला की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघू लागतात. कुणाचं तरी चुकलंय, हे सगळ्यांनी मनात धरलेलंच असतं. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणारे मात्र ‘पोपटासाठी आलोय’ असं कधी म्हणत नाहीत. झोप लागत नाही, घरात वाद वाढलेत, सारखं रडू येतं, असं सांगतात. पोपटाचं नाव बऱ्याच वेळानं निघतं, तेही चाचरत. पक्ष्यासाठी समुपदेशकाकडे गेलो असं कळलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती असते.

शहापूरच्या एका काकूंची हकीकत त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय सत्तावन्न. काका उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुपरवायझर, निवृत्तीला आलेले. एकुलता मुलगा पुण्याच्या कंपनीत. लॉकडाउनमध्ये तो घरूनच काम करत होता, तेव्हा त्यानं हे पिल्लू आणलं. स्वतःच्या हातानं भरवलं, दिवसभर खांद्यावर घेऊन लॅपटॉपसमोर बसायचा. नाव ठेवलं बंड्या. पुढं कंपनीनं ऑफिसात बोलावलं. मुलगा गेला, बंड्या राहिला.

“मला पक्षी नकोच होता वो मॅडम,” काकू म्हणाल्या. “पण आता मी स्वयंपाकघरात गेले तरी ओरडतोय. जेवताना दोनदा उठायला लागतंय. आणि एवढं करून पिसं उपटायलाय. माझ्या हातात माया नाही म्हणून असं करत असेल काय तो?”

त्यांनी फोनवरचा व्हिडिओ दाखवला. बंड्या पिंजऱ्यावर बसलेला. डोकं आणि मान एकदम टापटीप, राखाडी खवल्यांसारखी पिसं जागच्या जागी, शेपूट लालभडक. मानेखाली मात्र छाती उघडी पडलेली, नुसती मऊ लव आणि मधूनमधून गुलाबी कातडी. एका पायात स्वतःचंच पीस धरून तो त्याचा देठ चावत होता, अगदी लक्षपूर्वक. तेवढ्यात काकांनी स्कूटरची किल्ली उचलल्याचा आवाज आला आणि बंड्या स्वच्छ तरुण आवाजात म्हणाला, “येतो गं आई.” मुलाचा आवाज. किल्ली वाजली की तो हेच म्हणतो. दिवसातून कितीतरी वेळा काकूंचा मुलगा घरातून निघून जात होता.

मी पक्ष्यांची डॉक्टर नाही, हे मी काकूंना पहिल्यांदा सांगितलं. पण डोक्यावरची पिसं शाबूत आणि अंगावरची गेलेली, याचा अर्थ बहुतेक वेळा पक्षी स्वतःच उपटतोय असा होतो, कारण चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. का उपटतोय, हे मात्र नुसतं बघून कळत नाही. कातडीचा त्रास, जंतुसंसर्ग, यकृताचा आजार, आहारातली उणीव, कंटाळा, भीती, अपुरी झोप, यातलं काहीही असू शकतं. बहुधा दोन-तीन कारणं एकत्र असतात. शिवाय हे पोपट साधारण चार ते सहा वर्षांचे झाले की वयात येतात आणि तेव्हाही वागणं बदलतं. बंड्या नेमका त्याच वयाचा. म्हणजे काकू स्वतःला दोष देत होत्या, तेव्हा पक्ष्याच्या अंगात काय चाललंय हे कुणी तपासलंच नव्हतं. अशा वेळी मी समुपदेशन पुढं ढकलते, तपासणी नाही.

हे काम मी मुद्दाम मुलाकडे दिलं. तो शनिवारी गाडी घेऊन आला आणि बंड्याला पुण्यात पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तात कॅल्शियम कमी निघालं. आफ्रिकन ग्रेमध्ये हा त्रास इतर पोपटांपेक्षा जास्त दिसतो. फारच कमी झालं तर अंग थरथरतं, झटकेही येतात. बंड्याचं खाणं म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, मिरची आणि काकूंच्या ताटातली चपाती. बियांत चरबी भरपूर, पण कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व नावापुरतंच. डॉक्टरांनी औषध दिलं, पोपटांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांच्या खाद्याची हळूहळू सवय लावायला सांगितलं आणि बरोबर शेवग्याचा पाला, गाजर, तांबडा भोपळा. आपल्याकडची पांढऱ्या गराची रताळी बंड्या आवडीनं खातो, पण त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा पूर्ण बंद. सकाळचं कोवळं ऊन मागच्या अंगणात, पिंजऱ्याच्या अर्ध्या भागाला सावली ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा कॅल्शियम पचवायला उपयोग होत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरण काच अडवते.

रिपोर्ट हातात घेऊन काकू आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. “म्हणजे खायला पण मीच चुकीचं घातलं,” म्हणाल्या.

खरं काम इथून सुरू झालं. एक कारण हातातून काढलं की अपराधीपणा दुसरं शोधतो. मी त्यांना विचारलं, बंड्या ओरडला की तुम्ही काय करता? धावत जाते. मग? डोकं खाजवते, शेंगदाणा देते, बोलते. आणि तुम्ही परत गेलात की? परत ओरडतो. रात्री? रात्री अकरापर्यंत त्याच्याजवळ टीव्ही लावून बसते, एकटं वाटू नये म्हणून.

काकूंना वाटत होतं त्या कमी पडताहेत. पण हवी ती गोष्ट ओरडून मिळते हे बंड्याला त्यांच्याच धावपळीनं शिकवलं होतं. आणि एकटेपणा जावा म्हणून लावलेला टीव्ही त्याची झोप खात होता. या पक्ष्याला अंधाराची, शांततेची दहा-बारा तास झोप लागते. बंड्याला जेमतेम सहा-सात तास मिळत होती. काकूंनाही तेवढीच. अपराधीपणातून केलेली काळजी अशी असते, अखंड, वेळीअवेळी, दोघांनाही दमवणारी. मी त्यांना माया वाढवायलाही सांगितलं नाही, कमी करायलाही नाही. वेळ ठरवा, एवढंच सांगितलं.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलात हे पक्षी थव्यानं राहतात. झाडीत एकमेकांच्या नजरेआड गेले की हाक देतात, पलीकडून उत्तर आलं की निवांत खात बसतात. बंड्याची हाक तीच होती: आहेस का? त्याला जवळ कुणी यायला नको होतं, उत्तर हवं होतं. म्हणून ठरवलं की काकूंनी स्वयंपाकघरातूनच एक ठरावीक शीळ घालायची. त्यानं शीळ घातली की लगेच उत्तर. किंचाळला तर काहीच नाही, जायचं नाही, रागवायचंही नाही, कारण रागवणं हेसुद्धा त्याच्या दृष्टीनं उत्तरच. पहिले काही दिवस किंचाळणं वाढलं. तसं वाढणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी शेजारीण विचारायला आली तेव्हा काकूंचा धीर सुटायला आला होता. त्यांनी मला फोन केला, मी फक्त म्हणाले, “आज शीळ किती वेळा घातली त्यानं, ते सांगा.” त्या मोजायला लागल्या.

दुसरं, त्याला काम दिलं. जंगलात दिवसाचा मोठा वेळ खाणं शोधण्यात जातो. पिंजऱ्यातली वाटी थोड्या वेळात रिकामी होते आणि मग चोचीला स्वतःचं पीस उरतं. काकूंनी मक्याच्या सालीत गाजराचे तुकडे गुंडाळून सुतळीनं बांधायला सुरुवात केली, पेरूच्या फांद्या धुऊन सोलायला दिल्या, पत्रावळीचे तुकडे करून त्यात खाऊ लपवला. एरवी हाताला चैन नसलेल्या बाईला हे काम मनापासून आवडलं. पुडी जितकी अवघड तितका बंड्या गप्प. पिसाचा देठ चावणारी चोच आता सुतळीच्या गाठी सोडवत होती.

काका फक्त एकदा आले. “पक्षी तो, त्याला काय कळतंय?” हे त्यांचं पहिलं वाक्य. मी त्यांना ॲलेक्सबद्दल सांगितलं. आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये दुकानातून घेतलेला आफ्रिकन ग्रे, जो वस्तूंची नावं, रंग, आकार ओळखून सांगायचा, 2007 मध्ये वारला. काकांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या रागाचं मूळ वेगळं होतं. त्यांना वर्षभर खोकला होता. पिंजरा बैठकीच्या खोलीत, आणि या जातीच्या अंगावरून पिठासारखी बारीक भुकटी सतत झडते. फाउंड्रीत धूळ, घरात ही भुकटी, आणि बायको पक्ष्याजवळ. बोलणार कुणाला? छातीच्या डॉक्टरांना घरात पक्षी आहे हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. ते सांगायलाच हवं, कारण पक्ष्याच्या भुकटीची ॲलर्जी फुप्फुसांना इजा करू शकते. पिंजरा मागच्या हवेशीर पडवीतल्या खोलीत गेला, ओल्या फडक्यानं पुसणं सुरू झालं, बंड्याला पाण्याच्या फवाऱ्यानं अंघोळ मिळू लागली. काकांचा खोकला उतरला आणि बंड्याला लवकर झोप मिळाली, दोन्ही त्या एका हलवण्यानं. देवघरातली उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल त्या खोलीपासून लांब ठेवायची, हेही ठरलं. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. नॉनस्टिक तवा रिकामाच तापत राहिला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, हे ऐकून काकूंनी तो तवा त्याच दिवशी बाहेर काढला. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक आणि गणपती विसर्जन, या रात्री खिडक्या बंद करून, पिंजऱ्याच्या तीन बाजू झाकून, घरातलं एक माणूस त्याच खोलीत झोपतं. ती पाळी काकांनी आपणहून घेतली.

मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले. तो आईला पोपट कसा सांभाळावा याचे व्हिडिओ रोज पाठवायचा, आणि प्रत्येक व्हिडिओ काकूंना ठपका वाटायचा. मी त्याला सरळ विचारलं, बंड्या कुणाचा? बराच वेळ गेल्यावर म्हणाला, “माझाच.” त्यानंतर पैशांची, डॉक्टरांची आणि कागदपत्रांची जबाबदारी त्याची झाली. व्हिडिओ पाठवणं बंद. रात्री साडेनवाला तो बंड्याशी बोलायचा, मग पक्षी चेकाळायचा आणि पिसांना लागायचा. ते बोलणं सकाळच्या खाण्याच्या वेळेला नेलं.

कागदांची भीती बऱ्याच घरांत असते, म्हणून इथं लिहिते. आफ्रिकन ग्रे 2 जानेवारी 2017 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, कारण पकडापकडीनं आणि जंगलतोडीनं तो आफ्रिकेतच धोक्यात आला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार असा पक्षी बाळगणाऱ्यानं केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायची असते. मुलानं ते हाती घेतलं. “खानापूरच्या रानात सोडून द्या की,” असंही नात्यातल्या एकानं सुचवलं होतं. तसं अजिबात करायचं नाही. हाताळून वाढलेला हा परदेशी पक्षी आपल्या रानात जगत नाही. आपल्याकडच्या हिरव्या पोपटांची गोष्ट निराळी. ते कायद्यानं घरात ठेवताच येत नाहीत.

बंड्याची छाती आता बरीचशी भरलीय. आधी काट्यांसारखे कोंब आले, त्यातून पिसं उमलली. डाव्या बाजूला एक तळहाताच्या मध्याएवढी जागा उघडी आहे. पिसाचं मूळ वारंवार दुखावलं की तिथं पुन्हा पीस येईलच असं नसतं, हे डॉक्टरांनी सांगितलंय. काकू त्या जागेकडे बघून अजून कधीतरी हळहळतात. हळहळू देत. पण परवा त्या निपाणीला बहिणीकडे दोन रात्री राहून आल्या, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. खाण्याच्या पुड्या बांधून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, आणि काकांनी शीळ घालायला शिकून घेतली होती.

आता घरात मुलाच्या लग्नाची बोलणी चाललीत. असे पक्षी नीट सांभाळले तर चाळीस-पन्नास वर्षं जगतात, म्हणजे बंड्या आपल्या मागं राहणार, हे काका-काकूंनी पहिल्यांदा उघडपणे बोलून घेतलं. स्थळ आलं की पत्रिकेबरोबर बंड्याबद्दलही सांगायचं, असं काकूंचं म्हणणं आहे. मुलगा आधी नको म्हणत होता. गेल्या आठवड्यात त्यानं पुण्यात मोठ्या बाल्कनीचा फ्लॅट बघायला सुरुवात केलीय, आणि घरमालकाला पहिल्याच फोनवर पोपटाचं विचारतो.