सेमिनरीत शास्त्र शिकावं की सरळ सेवेला लागावं?

तुमचा प्रश्न असा: मिशनच्या कामात आयुष्य घालायचं आहे. घरचे म्हणतात, आधी सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, बसून धर्मशास्त्र नीट शीक. मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, तरुण म्हणतात, सिद्धांतांत वर्षं घालवू नकोस, वस्तीवर कामाला लाग. कुणाचं ऐकू?

मी बावीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, आहे, त्यातली बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली. सेमिनरीतून निघालो तेव्हा त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतावर, तासभर बोलता यायचं. पहिल्याच वर्षी वस्तीवरच्या एका घरात तापाने पोर गेलं. त्याची आई मला म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या कोणत्या पापाची ही शिक्षा?" मी देवाच्या सार्वभौमत्वावर बोलू लागलो. देवाची इच्छा, देवाची योजना, वहीत लिहिल्यासारखं क्रमाने. तिने थोडं ऐकलं आणि उठून आत गेली. ते बोलणं मला आजही टोचतं.

बरीच वर्षं वाटायचं, तिथे सिद्धांत आडवा आला. आता वाटतं, मला सिद्धांत अर्धाच आला होता. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य जन्मांध माणसाबद्दल हेच विचारतात: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही. या अध्यायावर मी परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, मार्कही चांगले मिळाले होते. त्या माऊलीला "बाई, हे तुझं पाप नाही" एवढंच सांगून मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. बायबलमध्ये ईयोब नावाच्या भल्या माणसावर संकटांमागून संकटं येतात; त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

नुसती सेवा शिकलेला तिथे असता तर? त्याने पाणी आणलं असतं, कबर खणायला हात लावला असता. माझ्यापेक्षा बरंच केलं असतं. पण त्या प्रश्नाला त्याने काय सांगितलं असतं? बहुतेक शेजारपाजारचे सांगतात तेच, की कुठलं तरी पाप भोवलं. शास्त्र हाताशी नसलं की ऐन वेळी असलं काहीतरीच तोंडात येतं.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, अवश्य जाऊन या. 1896 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो विधवा आणि मुली आणल्या. त्यांचं जेवण, दुखणीखुपणी, शिक्षण सगळं पाहिलं. त्याच आवारात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि छपाईचं काम तिथल्याच बायकांनी केलं. ते मराठी मुद्दाम सोपं ठेवलं, कारण कमी शिकलेल्या बायकांना कळायला हवं होतं. भाषांतरातला शब्दन् शब्द समोर कोण बसलंय हे बघून निवडायचा, असा शास्त्राभ्यास मला सेमिनरीत असताना मिळायला हवा होता.

सेवेबाबत एक गोष्ट मात्र पक्की शिकून घ्या: मदत हे आमिष नव्हे. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं, गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, आणि उपचार सगळ्या जातीधर्मांच्या लोकांवर झाले. देवाची कृपा फुकट असते हा आपला सिद्धांतच आहे. मग आपलं औषध अटीवर कसं द्यायचं?

तर सेमिनरीत जा, पण निवडताना दोन गोष्टी विचारा. शनिवार-रविवारी मुलांना खेड्यात पाठवतात तेव्हा ईश्वरविज्ञान शिकवणारे सरही बरोबर जातात का? आणि मुलांनी तिथे जे पाहिलं ते सोमवारी वर्गात निघतं, की नुसता अहवाल फायलीत लागतो? प्राचार्यांना विचारलंत तर दोन्हींना "हो"च म्हणतील. म्हणून फॉर्म भरण्याआधी एक शनिवार-रविवार तिथल्या मुलांबरोबर काढा आणि सोमवारी परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसा.