तुमचे प्रश्न: वाघाचा हिशेब, ॲमेझॉनची माती आणि मेंढ्यांचं खत

या वेळी जंगल, माती आणि कोण कोणाला खातं यावर बरेच प्रश्न आलेत. सगळे घेणं शक्य नाही, पाच निवडलेत.

प्रश्न: ताडोबात चितळ शेकड्यांनी दिसले, वाघ एकच, तोही लांबून. गाइड म्हणाला एका वाघामागे पाचशे जनावरं लागतात. पण वाघ आठवड्याला एक शिकार करतो म्हणतात, म्हणजे वर्षाला पन्नास. मग पाचशे कशाला? (एक वाचक, नागपूर)

गाइडचं बरोबर आहे. पन्नास हे व्याज, पाचशे हे मुद्दल. चितळ, सांबर, रानडुक्कर धरून वर्षाला पन्नासेक जनावरं गेली तरी कळप तेवढाच राहायला हवा ना, आणि पिल्लं, रोगराई, रानकुत्री, बिबटे सगळं धरून वाघाच्या वाट्याला साधारण दहा टक्केच येतात.

आता कळप एवढा मोठा का लागतो ते बघा. पानावर जेवढं ऊन पडतं त्यातलं झाड एखाद-दोन टक्केच पकडतं, बाकी फुकट. ते गवत चितळाने खाल्लं की त्यातलं बरंचसं पचतच नाही, लेंड्या होऊन पडतं, आणि जे पचतं ते पळण्यात, श्वास घेण्यात आणि अंग गरम ठेवण्यात उष्णता होऊन उडून जातं, आणि उडालेली उष्णता परत कुणाच्या कामाची नाही. मांस म्हणून अंगावर राहतं ते फारच थोडं. शाळेत आपण खाण्याच्या प्रत्येक पायरीला दहाच टक्के ऊर्जा वर जाते असं घोकलं, पण तो ढोबळ आकडा आहे. या हिशेबाचा पाया रेमंड लिंडेमन नावाच्या तरुणाने अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या छोट्या तळ्यावर घातला आणि त्याला पायरीपायरीला वेगवेगळे आकडे मिळाले होते. त्याचा पेपर आधी परीक्षकांनी नाकारला होता, मग 1942 मध्ये छापून आला, पण तोवर तो गेला होता, वयाची सत्ताविशीही गाठली नव्हती. गरम रक्ताचे प्राणी तर फारच उधळे, किडे आणि मासे त्या मानाने काटकसरी.

म्हणून वाघाला किती जंगल लागतं हे वाघावर नाही, गवतावर ठरतं. आपल्याकडे चांगल्या जंगलात वाघिणीचं वीसेक चौरस किलोमीटरमध्ये भागतं आणि रशियाच्या अतिपूर्वेला, जिथे सहा महिने बर्फ, तिथे तिला चारशेच्या आसपास लागतात. वाघ तोच, ऊन आणि चारा वेगळा.

प्रश्न: मुलीच्या पुस्तकात समुद्रातल्या अन्नसाखळीचा पिरॅमिड उलटा काढलाय, खाली वनस्पती कमी, वर त्यांना खाणारे जास्त. प्रिंटिंग मिस्टेक का? (एक पालक, ठाणे)

नाही हो, बरोबर आहे. तो वजनाचा पिरॅमिड आहे. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं एक-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तेवढ्याच वेगाने खाल्ली जातात, त्यामुळे कुठल्याही क्षणी वजन केलं तर थोडीच भरतात. वर्षभरात किती एनर्जी वर गेली असा पिरॅमिड काढायला सांगा, तो सरळच येणार. एनर्जीचा कधीच उलटा होत नाही.

प्रश्न: ॲमेझॉनचं जंगल एवढं घनदाट. मग ते तोडून शेती केली की दोन-तीन वर्षांत पीक का बसतं? एवढं पोसणारी माती कसदार नको का? (कृषी पदविकेचा एक विद्यार्थी, लांजा)

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण जवळजवळ सगळ्यांची गफलत इथेच होते.

तिथला कस मातीत नाहीये, झाडात आहे. वर्षभर उष्णता आणि पाऊस, त्यामुळे पान पडलं की बुरशी आणि किडे त्याचा काही महिन्यांत फडशा पाडतात, आणि सुटलेलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) पावसाने वाहून जायच्या आत वरवर पसरलेली मुळं आणि त्यांना चिकटलेली बुरशी ते उचलून परत वर पाठवतात. माती म्हणजे नुसता मधला टप्पा. लाखो वर्षांच्या पावसाने ती धुऊन निघालीय, उरलंय लोह आणि ॲल्युमिनियम, आणि ते उरलंसुरलं स्फुरदही असं घट्ट धरून ठेवतात की पिकाला मिळत नाही. तुम्ही लांज्याचे, तुम्हाला जांभा काय सांगायचा, तोही असाच धुवून झालेला. झाडं तोडून जाळली की राखेतून बराचसा साठा एकदम जमिनीत येतो, पहिलं पीक झकास, मग दोन पावसाळ्यांत उरलेलं नदीत. आपल्याकडची भाजवळ आठवा, पातेरा (सुकी पानं), कवळं (तोडलेल्या फांद्या), शेण पसरून जाळायचं आणि त्यावर भाताचा तरवा (लावणीची रोपं) टाकायचा. तिथे जंगलाचा कस मुद्दाम एका छोट्या तुकड्यावर आणला जातो, स्फुरद-पालाश मिळतं, नत्र मात्र बरंचसं धुरातून जातं.

थंडीकडे गेलात की सगळं उलटं. सायबेरिया-कॅनडाच्या सूचिपर्णी जंगलात आणि त्याच्या वर टुंड्रात पानं कुजायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून साठा जमिनीत. कायम गोठलेल्या जमिनीत एवढा कार्बन आहे की आत्ता हवेत आहे त्याच्या साधारण दुप्पट. आणि मध्ये युक्रेन किंवा अमेरिकेच्या प्रेअरीसारखी गवताळ मैदानं, पाऊस बेताचा, गवताचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीखाली मुळांत, तिथली माती काळीभोर आणि पिढ्यानपिढ्या गहू देणारी. म्हणजे वर हिरवं किती दिसतंय यावरून खाली कस किती हे सांगताच येत नाही.

मग ॲमेझॉनमधून दरवर्षी थोडं स्फुरद नदीतून समुद्रात जातंच, ते भरून कसं निघतं? याचा एक भाग सहारातून येतो. चाड देशात बोडेले नावाचा खोलगट भाग आहे, एकेकाळी तिथे प्रचंड सरोवर होतं, आता त्याच्या तळाची मेलेल्या सूक्ष्म शेवाळांची भुकटी वाऱ्याने उडते. नासाच्या उपग्रहाने 2007 ते 2013 मोजलं, आणि 2015 मध्ये आकडे आले की वर्षाला साधारण 2 कोटी 77 लाख टन धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉन खोऱ्यावर पडते, त्यात अंदाजे 22 हजार टन फॉस्फरस, म्हणजे पाऊस आणि पुराने जेवढं जातं जवळपास तेवढंच. नंतर 2019 मध्ये असंही दिसलं की आफ्रिकेत गवत-झुडपं जळतात त्या धुराचाही यात मोठा वाटा आहे, धूळ एकटी नाही. आणि धुळीचं प्रमाण दर वर्षी खूप खाली-वर होतं, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ समजू नका.

प्रश्न: टीव्हीवर आफ्रिकेतली मारा नदी ओलांडताना विल्डबीस्ट (कळपाने फिरणारी, गवत खाणारी रानजनावरं) बुडून मरताना पाहिले, हजारोंनी. निसर्गात एवढी नासाडी? (एक आजोबा, सोलापूर)

आजोबा, नासाडी कुठली, तिथे एक गोष्ट वाया जात नाही. अभ्यास झालाय यावर, 2017 मध्ये आला. सरासरी वर्षाला 6 हजारांच्या वर जनावरं त्या नदीत मरतात. मगरी खातात ते फारच थोडं, त्यांची पोटं लगेच भरतात. गिधाडं आणि मराबू करकोचे काही भाग उचलून थेट लांब घरट्याकडे नेतात, म्हणजे नदीतला कस पुन्हा गवताळ रानात. मांस दोन ते दहा आठवड्यांत संपतं, मासे त्यावर चांगले पोसतात. हाडं मात्र सात वर्षं तळाशी राहतात आणि हळूहळू फॉस्फरस सोडत राहतात, त्यावर शेवाळाचा थर येतो आणि मासे तोही खातात. सेरेंगेटीच्या मैदानात विल्डबीस्टनी खाल्लेलं गवत अशा रीतीने नदीत जातं. वाईट वाटतं बघताना, ते वाटणारच.

प्रश्न: भातकापणी झाली की घाटावरून धनगर येतात, शेतात मेंढ्या बसवायचे पैसे किंवा धान्य घेतात. मुलगा म्हणतो युरिया टाका, स्वस्त पडतो. खरंच मेंढ्यांचा फरक पडतो का? (एक शेतकरी, महाड)

पडतो. मेंढी दिवसभर माळावर, बांधावर, रानात चरते आणि रात्र तुमच्या शेतात काढते, म्हणजे दहा ठिकाणचं नत्र-स्फुरद एका वावरात गोळा होतं, तेही स्वतःच्या पायाने चालत. लोक लेंड्या मोजतात आणि मूत विसरतात. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी निम्म्याच्या वर बऱ्याचदा मुतात असतं आणि ते रात्रीत मातीत मुरतं, म्हणून ट्रॉलीने आणून टाकलेल्या लेंडीखतापेक्षा कळप बसवलेलं शेत उजवं ठरतं. पण दुसऱ्या दिवशी उन्हात तसंच उघडं ठेवलंत तर नत्र अमोनिया होऊन उडतं (त्या उग्र वासाचे पैसे तुम्हीच दिलेत), तेव्हा ओल आहे तोवर वरवर नांगर फिरवून घ्या.

युरियात 46 टक्के नत्र असतं, पण फक्त नत्र. हवेतलं नत्र कारखान्यात धरायची पद्धत हाबर आणि बॉश या जर्मन मंडळींची, पहिला कारखाना 1913 चा, आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ताटातलं अन्न त्यावर उभं आहे, त्यामुळे मुलाला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त स्फुरद, पालाश आणि मातीतला सेंद्रिय भाग युरिया देत नाही, लेंड्या देतात आणि त्या पुढच्या वर्षीपर्यंत थोडं थोडं सोडत राहतात. मुलाला म्हणावं दोन्ही कर, मेंढ्या बसव आणि माती परीक्षण करून युरियाचा हात आखडता घे. कळपाचा भाव मात्र कापणीच्या आधीच ठरवा, नंतर गावात सगळेच बोलवायला लागतात.