यादीत कोण नाही, ते आधी बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमध्ये समुपदेशक म्हणून रुजू होताच ड्युअल एनरोलमेंटचं, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे विषय घेण्याच्या सोयीचं, काम तुझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या आठवड्यात एवढंच कर: या सत्रात कॉलेजचे विषय घेणाऱ्या मुलांची यादी काढ आणि शाळेच्या पटाशेजारी ठेव. घरात इंग्रजी न बोलणारी किती, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी किती, पटावर किती आणि यादीत किती, ते मोज. तफावत दिसली तर मुलांच्या हुशारीवर ढकलू नकोस. आधी विचार, या वर्गांची बातमी कुठे सांगितली गेली? ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, वर्गात सांगितलेली बातमी त्याच वर्गात राहते.

2016 पासून लागू असलेल्या एबी 288 या राज्याच्या कायद्यातला सीकॅप (CCAP) हा शाळा-कॉलेज कराराचा मार्ग मुळात आधीच कॉलेजच्या वाटेवर नसलेल्या मुलांसाठी आखला आहे. ‘3.0 जीपीए (गुणांची सरासरी) हवाच’ असं कुणी म्हटलं तर शांतपणे विचार, हे कुठे लिहिलंय? कॉलेजने त्या विषयाला घातलेली पूर्वअट वेगळी आणि शाळेत पडलेली सवय वेगळी.

पालक विचारतील, फुकट आहे ना? मार्ग कोणता ते पाहिल्याशिवाय हो म्हणू नकोस. सीकॅपमध्ये शाळा आणि कॉलेज यांचा करार असतो. फी नाही, पुस्तकांचे पैसे नाहीत, आणि एका सत्रात चार विषयांपर्यंत, फार तर 15 युनिट (कॉलेजचे श्रेयांक) घेता येतात. कराराबाहेर स्वतंत्रपणे गेलेल्या मुलाची फी माफ करायची की नाही, ते कॉलेज ठरवतं. युनिटला 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटच्या विषयाला 138, पुस्तकं वेगळी.

खरी गळती मात्र अर्जात होते. मुलाने आधी ओपनसीसीसीचं, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांच्या ऑनलाइन अर्जाचं, खातं उघडायचं, मग अर्ज भरायचा, मग कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक ईमेलने येतो, आणि त्यानंतरच विषयाची नोंदणी. शाळेच्या ईमेलवर बाहेरचं पत्र बऱ्याचदा पोचतच नाही. म्हणून बारावीनंतरही टिकेल असा स्वतःचा ईमेल द्यायला सांग आणि स्पॅम फोल्डर तुझ्यासमोर उघडायला लाव. सोशल सिक्युरिटी नंबरच्या (सरकारी ओळख क्रमांकाच्या) रकान्यापाशी कित्येक घरांत अर्ज थांबतो. हायस्कूलच्या मुलाला तो न देताही पुढे जाता येतं, हे पालकांना त्यांच्या भाषेत आणि अर्जाआधीच सांग. ‘घरी जाऊन भरा’ म्हणालास की निम्मा वर्ग गेला समज. एक तास लॅब घे, मुलांना शेजारी बसवून भरून घे.

आता न आवडणारी गोष्ट. तीन युनिटचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि साधारण सहा तास घरचा अभ्यास. संध्याकाळी काम करणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलाला हे नऊ तास कागदावर मांडून दाखव. इथला एफ (नापास) कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतो. विषय मध्येच सोडल्याच्या डब्ल्यू या शेऱ्याने जीपीए पडत नाही, पण प्रयत्न केलेल्या युनिटमध्ये तो मोजला जातो आणि पुढे आर्थिक मदतीच्या प्रगतीच्या निकषात नडू शकतो. म्हणून वर्ग सोडण्याच्या तारखा कॉलेजच्या वेळापत्रकातून घे; शाळेचं वेळापत्रक त्याच्याशी जुळत नाही.

आणखी दोन खड्डे. आयईपी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने आखलेली शिक्षण योजना, कॉलेजात आपोआप लागू होत नाही. जादा वेळ हवा तर मुलाने कॉलेजच्या डीएसपीएस (अपंग विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या) कार्यालयात स्वतः नोंदणी करायची. आणि कॉलेजच्या नोंदींचे फेर्पा या गोपनीयतेच्या कायद्याखालचे हक्क मुलाचे असतात, वय सोळा असलं तरी. पालकांनी फोन केला म्हणून कॉलेज सहसा गुण सांगत नाही. संमतीपत्र सत्राच्या सुरुवातीलाच घे, नाहीतर मूल बुडतंय हे कळेपर्यंत तारीख उलटलेली असते.

विषय निवडताना असिस्ट या वेबसाइटवर तो यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) चालतो का, ते बघ. चालत असेल तर तीन सेमिस्टर युनिटचा एक विषय ए-जीमध्ये, म्हणजे यूसीच्या प्रवेशाला लागणाऱ्या विषयांमध्ये, हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाइतका धरला जातो. राज्याबाहेरच्या किंवा खासगी कॉलेजांची हमी देऊ नकोस, त्यांचे नियम त्यांनाच विचारायला लाव.

नोंदणी बंद होण्याच्या दहा दिवस आधी दुसरी यादी काढ: अर्ज भरला पण विषय घेतला नाही अशांची. त्यांना ईमेल नको. वर्गातून बोलावून घे आणि अडलंय कुठे, ते स्क्रीनवर बघ.

तुझा,
दादा