बाईंना विचारा : गिरणीवर बसून दहावी

प्रश्न : बाई, मी सांगोला तालुक्यातली, वय ३७. नववीत शाळा सुटली, लगेच लग्न झालं. मालकांची डाळिंबाची बाग आहे, मी पिठाची गिरणी चालवते. आता घरबसल्या दहावी करायची आहे. मैत्रीण म्हणते, सामाजिक शास्त्र घेऊ नकोस, सनावळ्या लक्षात राहत नाहीत, त्याऐवजी गृहविज्ञान घे. मला पण इतिहासाची धडकी भरते. मुलगा यंदा दहावीत आहे, त्याच्या पुस्तकावर माझा अभ्यास होईल का? तालुक्याला एक जण म्हणतो, ‘एकरकमी पैसे द्या, स्वाध्याय आम्हीच लिहून देतो.’ काय करू?

उत्तर : शेवटचं आधी. त्या माणसाला पैसे देऊ नका. एनआयओएसचा, म्हणजे घरबसल्या दहावी करता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा प्रवेश त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः घेता येतो. अर्ज मुलगा भरून देईल. स्वाध्यायाला वीस टक्के वजन असतं, ते खरं. पण गुणांपेक्षा मला हाताची काळजी आहे. वीस वर्षं ज्या हाताने हिशेबाच्या वहीपलीकडे काही लिहिलं नाही, तो परीक्षेत तिसऱ्या उत्तराला दुखायला लागतो. स्वाध्याय दुसऱ्याने लिहिला तर ही सवय कधी व्हायची?

आता मुलाचं पुस्तक. तुम्ही राज्य मंडळाचा सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरलात तर तुमचं नि त्याचं पुस्तक एकच. पण मग सामाजिक शास्त्र सोडायचा प्रश्नच नाही, ते सक्तीचं आहे आणि गणितही. एनआयओएसमध्ये पाच विषय लागतात, त्यात एक भाषा हवी, बाकीचे निवडता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सुटलेला विषय सुटला, उरलेला पुढच्या खेपेला. पाच वर्षांत नऊ संधी. गिरणी सांभाळून करायचं तर मी हाच रस्ता सांगेन. मात्र पुस्तक वेगळं. मुलाच्या भूगोलात भारताशेजारी ब्राझील आहे आणि इतिहासाची सुरुवातच इतिहास कसा लिहितात इथून होते. तुमच्या पुस्तकात प्राचीन जगापासून स्वातंत्र्यलढा, मग भारताचं हवामान, शेती, लोकसंख्या, मग राज्यघटना आणि ग्रामपंचायत. त्याचं गाइड तुमच्या कामाचं नाही. नकाशा भरायला मात्र दोघं बसा.

गृहविज्ञान घ्या की, कोण नको म्हणतंय! पण ते सामाजिक शास्त्राच्या जागी नको, सोबत घ्या. शाळेत अठ्ठावीस वर्षं मी सामाजिक शास्त्रच शिकवलं आणि रविवारी अभ्यास केंद्रावर मोठ्या माणसांचे संपर्क वर्ग घेतले. चौदा वर्षांच्या मुलांना जे पाठ करावं लागतं, ते मोठ्यांनी भोगलेलं असतं. एकदा मी ग्रामसभेचा धडा घेत होते. म्हटलं, आपल्याकडे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली कमी असेल ती संख्या म्हणजे गणपूर्ती, सभा भरायला लागणारी किमान हजेरी. मागच्या बाकावरच्या बाई, पाच वर्षं सरपंच राहिलेल्या, हसायला लागल्या. “बाई, गणपूर्ती नाही झाली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. आमच्यात पहिल्या सभेला कुणी फिरकतच नाही!” मी अठ्ठावीस वर्षं शिकवलेलं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्या पहिल्या खेपेला नापास झाल्या बरं का. कारण? पेपरात त्यांनी हे लिहिलंच नाही, गाइडमधलं आठवत बसल्या.

पर्जन्यछाया हा शब्द तुम्हाला अवघड वाटेल. पण महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तुमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात, तुमच्यापर्यंत उरतं ते वारं. आधी हे लिहा, वर तो शब्द ठेवा.

सनावळ्यांचं म्हणाल, तर सुटीसुटी तारीख माझ्याही लक्षात राहत नाही. साखळी करा, आणि ती आपल्या जिल्ह्याला बांधा. सोलापूरला चार हुतात्म्यांचे पुतळे पाहिले असतील. १९३० च्या एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं. मेमध्ये गांधीजींना अटक. त्यावर सोलापूर उठलं, गोळीबार झाला, शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. आता सांगा, मिठाचा सत्याग्रह कधीचा? नाही ना विसरणार! सविनय कायदेभंगावर प्रश्न आला तर सोलापूरचं उदाहरण बिनधास्त द्या.

घरी शिकण्यात खरी अडचण वेगळीच आहे. अडलं की विचारायला कुणी नसतं, आणि न अडताच ‘समजलं’ असं वाटतं. म्हणून गिरणीवर दळण पडत असताना धडा वाचा, पट्टा थांबला की पुस्तक मिटून पाच ओळी लिहा. पीठ लागलं वहीला तर लागू दे. रात्री तेच मुलाला सांगा. तो ‘म्हणजे काय?’ असं जिथे विचारेल, तिथे खूण करा. संपर्क वर्गाला जाताना त्या खुणा घेऊन जा. नुसतं ऐकायला जाणार असाल तर एसटीचं तिकीट वाया.

आणि पहिली खरेदी पुस्तकांची नको, ती प्रवेशानंतर मराठीत मिळतात. भारताचे पन्नास कोरे नकाशे आणा. महाराष्ट्राचे दहा पुरे.