साठवलेल्या बातम्या

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाई आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागात अनेक वर्षं हंगामी वृत्तनिवेदक आणि भाषांतरकार होत्या.)

प्रश्न : मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, वय ५६, राहणार चिंचवड. सकाळी फिरताना बातम्यांचे पॉडकास्ट ऐकते. रोजचे तीन, एक मराठी आणि दोन इंग्रजी. एखादा दिवस चुकला की भाग साठतात, आणि मी ते क्रमानंच ऐकते, मधला सोडवत नाही. २०२४ च्या जुलैत या सवयीनं घात केला. लाडकी बहीण योजनेवरचा भाग ऐकून मी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना सांगितलं, "वयाची अट साठची आहे, तुम्ही त्रेसष्टच्या, तुमचं नाही व्हायचं." त्या गप्प बसल्या. ऑगस्टअखेर वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेनं त्यांचा अर्ज भरून घेतला आणि तो मंजूरही झाला. मावशी मला काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून सरकारी काही विचारायचं असलं की शेजारच्या घरी विचारतात. माझं चुकलं कुठं? आणि आत्ताही फोनवर ४१ भाग साठलेत, त्यांचं काय करू?

उत्तर : ताई, आधी ते ४१ भाग पुसा. मग पुढचं वाचा.

तुम्ही नीट ऐकलंत, फक्त उशिरा ऐकलंत. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली आणि त्याच दिवशी शासन निर्णय निघाला. त्यात वय २१ ते ६०, कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त जमीन नको, अर्जाची मुदत १५ जुलै. ३ जुलैला सुधारित निर्णय आला. वयाची मर्यादा ६५ झाली, जमिनीची अट गेली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, आणि पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको असं ठरलं. तुम्ही ऐकलेला भाग बहुधा मधल्या पाच दिवसांतला. निवेदकानं तेव्हा खरं तेच सांगितलं होतं.

आमच्या वेळी हे असं झालं नसतं. आम्ही हुशार होतो म्हणून नव्हे. पहाटे साडेचारला गाडी घ्यायला यायची, सात-पाचच्या बातमीपत्रासाठी हजार-अकराशे शब्द लिहून व्हायचे, आणि सव्वासातला ते हवेत विरून जायचं. मी एकदा धरणातल्या पाणीसाठ्याचा आकडा चुकीचा वाचला होता. पुढच्या बातमीपत्रात बरोबर आकडा गेला आणि माझी चूक कुणाला पुन्हा ऐकताही आली नाही. पॉडकास्टचं तसं नाही. जुना भाग तुमच्या फोनवर आजच्या भागाच्या खालीच बसलेला असतो, तोच आवाज, तेच सुरुवातीचं संगीत, तोच ताजा सूर. "आज सरकारनं जाहीर केलं" हे वाक्य तीन आठवड्यांनीही "आज" असंच ऐकू येतं. दूध नासलं की वास येतो. या भागाला कसला वास येणार?

तुमच्या इंग्रजी दोघांपैकी एक 'द डेली' असावा असा माझा अंदाज आहे. (पत्राच्या मागे तुम्ही न्यू यॉर्क टाइम्सचा उल्लेख केलाय म्हणून.) चांगलाच आहे, मीही ऐकते. पण तो येतो न्यूयॉर्कच्या पहाटे, म्हणजे आपल्याकडे दुपारी तीन-चारच्या सुमारास. तुम्ही सकाळी फिरताना ऐकता तेव्हा तिथला दिवस मावळलेला असतो. शिवाय १ फेब्रुवारी २०१७ पासून त्यांची रीत अशी की साधारण अर्धा तास बहुधा एकाच विषयावर. त्या दिवशी जगात घडलेलं बाकीचं शेवटी थोडक्यात उरकतं. एक विषय नीट समजतो, आणि आपण "बातम्या ऐकल्या" असं वाटून मोकळे होतो.

माझं विचाराल तर तीनचा एक करा. बीबीसी मराठीचं 'तीन गोष्टी' किंवा 'सोपी गोष्ट' पुरेसं आहे. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी चुकलं. आणि दीडपट वेगानं ऐकत असाल तर तेही सोडा, "साठ" आणि "पासष्ट" यांतला फरक त्या वेगात कानावरून निसटून जातो.

एवढ्यानं मावशींचा प्रश्न सुटणार नाही. एखाद्या योजनेबद्दल दुसऱ्याला हो किंवा नाही सांगायचं असेल तेव्हा पॉडकास्टवरून सांगू नका. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय मराठीत, फुकट मिळतात. भाषा रुक्ष असते, पहिलं पान नुसत्या संदर्भांचं असतं, ते ओलांडा. पात्रता आणि अपात्रता एवढे दोन परिच्छेद वाचा, आणि वर तारीख बघून त्यानंतरचा सुधारित निर्णय आहे का ते शोधा. बँकेत परिपत्रकं वाचलेल्या बाईला हे जड नाही.

आणि मावशींना जाऊन सांगा, "मी चुकीचं सांगितलं होतं." दोन वर्षं उशिरा का होईना. चहा घेऊन सांगा.

प्रश्न : मी परभणीहून पुण्यात एमपीएससीची तयारी करायला आलो आहे. वर्तमानपत्राला रोज दोन तास जातात. त्याऐवजी दोन पॉडकास्ट ऐकले तर चालेल का? जेवताना, आंघोळ करताना ऐकता येतात.

उत्तर : आंघोळ करताना ऐकलेलं परीक्षेत आठवत नाही, बाळा.

एकच उदाहरण घे. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं शिवसेनेच्या फुटीवर निकाल दिला. संध्याकाळी दोन्ही बाजू आम्हीच जिंकलो म्हणत होत्या, आणि दोघांकडेही दाखवायला काहीतरी होतं. राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणं योग्य नव्हतं, असं न्यायालय म्हणालं. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही, असंही म्हणालं. शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना प्रतोद (सभागृहात पक्षाचा आदेश बजावणारा, इंग्रजीत व्हिप) म्हणून विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली, कारण प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षानं, विधिमंडळ पक्षानं, म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटानं, नव्हे. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत घ्यावा म्हणून त्यांच्याकडेच पाठवला. आणि अध्यक्षांना हटवण्याची नोटीस असताना त्यांना अपात्रतेवर निर्णय देता येतो का, हा नबाम रेबिया खटल्यातला मुद्दा सात न्यायाधीशांकडे सोपवला.

हे सगळं १४१ पानांत आहे. वीस मिनिटांच्या भागात निवेदकाला यातलं एक काहीतरी आधी घ्यावंच लागतं, आणि जे आधी येतं तोच निकाल म्हणून तुझ्या डोक्यात बसतो. प्रतोदाचा मुद्दा अठराव्या मिनिटाला आला असेल, तेव्हा तू साबण शोधत असशील. परीक्षक मात्र नेमकं प्रतोदावर विचारेल.

म्हणून क्रम उलटा कर. आधी पेपर वाच, दोन तास नको, पाऊण तास. अग्रलेख आणि राज्याचं पान. वाचलेल्या विषयावर पॉडकास्ट मिळाला तर रात्री जेवताना ऐक, आणि ऐकून झाल्यावर वहीत तीन ओळी लिही. "प्रतोद" हा शब्द तुझ्या वहीत बरोबर उमटला तर समज ऐकणं सार्थकी लागलं. पेपरचं बिल मेसच्या पोरांत वाटून घ्या.

प्रश्न : वय ८१, रत्नागिरी. नातू म्हणतो, आजोबा आता पॉडकास्ट ऐका. मला सांगा, हा रेडिओच ना? नाव बदललं म्हणून काय झालं?

उत्तर : आजोबा, पुष्कळसा रेडिओच. नाव २००४ चं, एका इंग्रजी पत्रकारानं 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' जोडून लेखात वापरलेलं. फरक इतकाच की रेडिओवर बातमीला आपल्याला थांबावं लागतं आणि इथे बातमी आपल्यासाठी थांबते. पहिल्या पत्रातल्या ताईंची गोष्ट वाचलीत ना? तुम्हाला आकाशवाणी ऐकू येतेय तोवर बदलायची मला तरी काही गरज दिसत नाही. फक्त बातम्यांच्या वेळी नातवाला त्याचा फोन रेडिओपासून लांब ठेवायला सांगा, खरखर येते.